मदत हवी आहे : आठवीतल्या लेकाला शाब्दिक उदाहरणं कशी शिकवू?

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळचे, घरची थोडी कलमं आहेत. लेकाला नुसतं समीकरण दिलं की फटाफट सोडवतो, शाब्दिक उदाहरण आलं की पेन चावत बसतो. म्हणून काल घरचंच उदाहरण घातलं : हापूसच्या एकूण 23 पेट्या, काही पाच डझनी, काही चार डझनी, आंबा सगळा मिळून 103 डझन. पाच डझनी किती?

बऱ्याच वेळाने त्याने मांडलं, 5x + 4(23 − x) = 103. मी खूश! पण कंस सोडवताना 92 − x लिहिलं, 4 ने x ला गुणलंच नाही. उत्तर आलं पावणेतीन पेट्या. आणि खाली दोन रेघा मारून मोकळा!

मी तोंडी करते : सगळ्या चार डझनी धरल्या तर 92, वर उरले 11, म्हणजे पाच डझनी 11. त्याला ते पटतं, पण म्हणतो, "आई, यात x कुठंय?" इथेच माझी गाडी अडते. हा तोंडी हिशेब आणि त्याचं समीकरण एकच आहे, हे कसं दाखवू? आणि उत्तर पडताळायची सवय कशी लावलीत तुम्ही? शिक्षक मंडळींनी जरूर सांगा.