जुन्या गाडीसाठी सहा-सातशेचा स्कॅनर पुरतो की नाही?

अंबाजोगाईकर
माझी २०११ ची पेट्रोल गाडी. उन्हाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं ऑक्सिजन सेन्सर बदलला, ४,२०० रुपये घेतले. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. मग साडेसहाशेचा ब्लूटूथवाला ईएलएम३२७ स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचा कोड वाचणारा अडॅप्टर. तो कोड बघायला मोबाइलवर टॉर्क ॲप टाकलं. कोड आला पी०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. बॉनेट उघडून एकेक नळी चाचपली, तर इनटेकजवळची रबरी नळी तडकलेली. नव्वद रुपयांत काम झालं. माझं मत: दहा वर्षांवरची गाडी असलेल्या प्रत्येकानं हे घ्यावंच. मोठ्या यंत्राची आपल्याला गरज नाही.

जालन्याचा मिस्त्री
तुमचे पैसे गेले ते वाईटच झालं भाऊ, कोड न समजता सेन्सर बदलणं चूकच. पण तुमच्या सल्ल्यानं दुसरीच चूक वाढेल. माझ्याकडे रोज कुणीतरी मोबाइल दाखवत येतं, “हा कोड आहे, हा पार्ट टाका.” कोड म्हणजे आजाराचं नाव नव्हे, ताप आहे एवढंच तो सांगतो. पी०१७१ नळीमुळे येतो, तसाच तुंबलेल्या पेट्रोल फिल्टरमुळे, कमजोर पेट्रोल पंपामुळेही येतो. तुमची नळी दिसली म्हणून सापडली.

अंबाजोगाईकर
मान्य, मला ती नजरेनं सापडली. पण तुम्ही ती कशी शोधली असती?

जालन्याचा मिस्त्री
फ्युएल ट्रिम बघून, म्हणजे गाडीचा कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, ट्रिम अधिक वीस टक्क्यांच्या आसपास आणि रेस २,५०० आरपीएमवर नेली की शून्याकडे उतरत असेल, तर बहुतेक हवा चोरतेय. उलट रेस वाढवताना ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोलचं प्रेशर तपासायचं. तुमच्या ॲपमध्येही ट्रिम दिसते, फक्त कोड वाचून थांबू नका. आणि दुरुस्तीआधी कोड पुसायचा नाही. पुसला की बिघाडाच्या क्षणी आरपीएम, तापमान, लोड किती होता ती नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, तीही जाते. ग्राहक नेमकं हेच पुसून आणतात.

परभणीचा डिझेलवाला
“प्रत्येकानं घ्यावंच” हे मला अजिबात पटलं नाही. माझी २००४ ची जीप, पंप यांत्रिक, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटरच नाही. स्कॅनर लावायचा कुठं? आपल्या भागात अशा जीपा आजही शेतमाल ओढतात. भारतात ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवून सॉकेटमधून सांगायच्या व्यवस्थेची सक्ती बीएस-४ (प्रदूषण मानक) गाड्यांना एप्रिल २०१३ पासून आली. त्याआधीच्या गाडीत १६ पिनांचं सॉकेट दिसलं तरी ती साध्या ॲपशी बोलेलच असं नाही. अमेरिकेत ही सक्ती १९९६ पासून आहे, म्हणून तिथले व्हिडिओ बघून इथं सगळ्यांना हो म्हणायचं का?

अंबाजोगाईकर
“प्रत्येकानं” हा शब्द मागे घेतो. तुमच्या जीपला ते कामाचं नाही. पण ईसीयू असलेल्या गाडीला स्वस्त स्कॅनर चालतो, यावर मी ठाम आहे.

लातूरची ड्रायव्हर
मी दोन घेतले, एक टाकून दिला. बाजारात बहुतेक नकली चिप आहेत. “व्हर्जन १.५” लिहिलेलं दिसलं तर लक्षात घ्या, मूळ कंपनीनं ईएलएम३२७ चं १.५ काढलेलंच नाही. काही १.५ नीट चालतातही, पण काही नकली अडॅप्टर जुने प्रोटोकॉल, म्हणजे गाडीशी बोलायच्या जुन्या भाषा, आयएसओ ९१४१ नि केडब्ल्यूपी, धड वाचत नाहीत, आणि जुन्या गाडीला तेच लागतात. आयफोन असेल तर साधं जुनं ब्लूटूथ जुळत नाही, वायफायवालं किंवा ब्लूटूथ एलईवालं घ्यावं लागतं. मी दुसरा घेतला तो वायरचा, स्वतःची स्क्रीन असलेला. मोबाइल चार्ज असो-नसो, चालतो. जास्त पैसे गेले, वाईट वाटलं नाही.

जालन्याचा मिस्त्री
ताईंचं बरोबर. त्यात एक भर: स्वस्त यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिन वाचतं. एबीएस (ब्रेकची यंत्रणा) किंवा एअरबॅगचा दिवा लागला तर त्याच्या भरवशावर बसू नका. आणि सॉकेटमध्ये कायम लावून ठेवू नका, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

केजकर
माझी २००८ ची पेट्रोल आहे, सॉकेट स्टिअरिंगखाली आहे. आजच ऑर्डर करणार होतो. आता काय करू?

अंबाजोगाईकर
मागवू नका. रविवारी गाडी मोंढ्यात आणा, माझा लावून बघू. जोडला गेला तर घ्या.

परभणीचा डिझेलवाला
जोडला नाही तर तेही इथं लिहा. गाडी कोणती, साल कोणतं. ते कळलं तर आणखी चौघांचे पैसे वाचतील.