मदत हवी आहे: जुना ७डी घ्यावा की जुना ५डी मार्क टू? (फुटबॉल, तालीम आणि साज)

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. सध्या कॅनन ६००डी वापरतोय. लेन्स तीन: १८-५५, ५५-२५० एसटीएम आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. आता दोन सेकंडहँड बॉडी समोर आहेत. एक कॅनन ७डी (२००९ चा पहिला, मार्क टू नव्हे), दुसरी ५डी मार्क टू (फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची). घेणार एकच.

कामं अशी:
१. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दुपारच्या फुटबॉल मॅच.
२. तालमीत संध्याकाळचा सराव. ट्यूबलाईट, लाल मातीचा हौदा, आणि फ्लॅश मारायचा नाही ही वस्तादांची अट. ५५-२५० लावून आयएसओ ३२००, एफ/५.६ ला कसंबसं १/६० शटर मिळतं. सगळे पैलवान हललेले.
३. गुजरीतल्या एका सराफांसाठी साज, ठुशी, चिंचपेटीचे कॅटलॉग फोटो.

जो तो सांगतोय की अंधार म्हटलं की फुल फ्रेमच. खरंच का? बॉडी आणि लागलीच तर एखादी लेन्स मिळून चाळीस हजार. मिररलेस सुचवू नका, बजेटात बसत नाही.

टचलाईन

भावा, फुटबॉलपुरतं विचारशील तर डोळं झाकून ७डी. तालमीचं आणि दागिन्यांचं जाणकार सांगतील.

७डी सेकंदाला ८ फ्रेम मारतो, ५डी मार्क टू ३.९. कागदावर हा नुसता आकडा वाटतो. चेंडू सेकंदाला २० मीटरनं निघालाय असं धर. ७डीच्या दोन फ्रेमच्या मधे तो अडीच मीटर सरकतो, ५डीच्या दोन फ्रेमच्या मधे पाच. हेडरला चेंडू कपाळाला लागलेला फोटो पाहिजे असेल तर हाच फरक लई मोठा आहे.

फोकसचंही तसंच. ७डीला १९ पॉइंट, सगळे क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारे). ५डी मार्क टूला ९ पॉइंट (आणि ६ लपलेले सहाय्यक), त्यात क्रॉस फक्त मधला. कडेच्या पॉइंटवर पळता खेळाडू धरायला गेलास की फोकस मागच्या गॅलरीत जाऊन बसतो.

७डी घेतलास तर ही सेटिंग कर: एआय सर्व्हो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस), फोकस एएफ-ऑन बटणावर, शटर बटणावरून काढून टाक. कस्टम फंक्शन तीनमधल्या सहाव्यात एएफ पॉइंट एक्स्पान्शन आधी चालू करावं लागतं, कारखान्यातून ते बंद येतं. मधला पॉइंट आणि शेजारचे चार, एवढंच ठेव. त्याच गटातल्या पहिल्यात ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी स्लोकडं सरकव, म्हणजे रेफरी मधून आडवा गेला तरी फोकस लगेच त्याच्यावर उडी मारत नाही. उन्हात एफ/५.६, १/१००० च्या वर, आयएसओ ४०० पुरतं.

दुसऱ्या हाफला ग्राउंडवर अर्धी सावली, अर्धं ऊन असतं. मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ ७डीवर चालतं (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मात्र मिळत नाही). ५डी मार्क टूवर मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ ठेवलं तर तो ४०० वरच चिकटून बसतो. काही उपयोग नाही.

आणि तुझी ५५-२५० व १८-५५ या ईएफ-एस लेन्स, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅननसाठीच्या. ५डी मार्क टूवर बसतच नाहीत. पांढरा चौकोन असलेली लेन्स, तिथं लाल ठिपकाच लागतो. जोर लावून बसवायला जाऊ नकोस, मागचा भाग आरशाला लागतो.

काचकाम

तालमीचं गणित वेगळं मांडतो, कारण "अंधार म्हणजे फुल फ्रेम" हे अर्धंच खरं आहे.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच बघा. एफ/५.६ ला १/६०. एफ/२ म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट) जास्त उजेड, त्याच आयएसओ ३२०० ला १/५००. पकडीला १/२५० चालतं, धोबीपछाडसारख्या डावाला १/५०० लागतंच. म्हणजे अडचण बॉडीची नसून ५५-२५० ची आहे, आणि उपाय, ती ५० एमएम एफ/१.८, तुमच्या बॅगेत पडलाय.

आता अंतर. हौद्याच्या काठावरून पैलवान साधारण ४ मीटरवर असतात. ७डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद. ५० एमएम लावली की ४ मीटरवर चौकटीची लांब बाजू १.७८ मीटर भरते. कॅमेरा उभा धरला की उभी जोड अख्खी बसते. ८५ एमएम लावली तर तिथंच फक्त १.०५ मीटर, म्हणजे डोकं ते मांडी. ८५ नं तीच चौकट हवी तर पैलवानांपासून ६.८ मीटरवर जावं लागेल, आणि बऱ्याच तालमीत ६ मीटरवर भिंत येते. ५डी मार्क टूचा सेन्सर ३६ मिमी, त्याला ४ मीटरवर ८५ लावली की १.६९ मीटर. म्हणजे ७डी अधिक ५० आणि ५डी अधिक ८५ हे एकाच जागेवरून जवळपास एकच फोटो देतात.

मोठ्या सेन्सरचा फायदा सव्वा-दीड स्टॉपच्या आसपास. क्षेत्रफळ सुमारे २.६ पट, बाकी दोन्ही एकाच पिढीचे, दोघांतही डिजिक ४ प्रोसेसर. पण फोकसची खोली बघा. एफ/२, ४ मीटर: ७डी अधिक ५० ला सुमारे ४८ सेंमी, ५डी अधिक ८५ ला सुमारे २७ सेंमी. दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले असताना एकाचा चेहरा पुढं, दुसऱ्याचा मागं. २७ सेंमीत दोघं बसणं नशिबावर. दोघंही धारदार पाहिजेत म्हणून ५डीवर एफ/३.२ केलंत, की आयएसओ ३२०० वरून ६४०० च्याही वर न्यावं लागलं. मिळालेला सव्वा-दीड स्टॉप तिथंच परत गेला.

एकट्या पैलवानाचा जोर मारतानाचा फोटो असेल, मागची भिंत पुसट हवी असेल, तर मात्र ५डी मार्क टू सरस, वादच नाही.

धूसरपार्श्वभूमी

काचकाम यांचं गणित बरोबर, निष्कर्ष पटला नाही. ७डीचं आयएसओ ३२०० सावलीत फार दाणेदार येतं. लाल माती अंगाला लागलेली, वर ट्यूबचा हिरवट उजेड, अशा कातडीच्या सावल्यांत रंगांचे डाग उठतात. ५डी मार्क टूची फाइल एडिट करताना जास्त ताण सोसते. आणि सगळेच फोटो काही जोडीचे नसतात.

काचकाम

मान्य. पण ते डाग बहुतेक वेळा कमी एक्स्पोजरमुळे येतात. लोक १६०० ला काढतात आणि संगणकावर दीड स्टॉप उचलतात. या पिढीच्या कॅननमध्ये हेच नडतं, आणि ५डी मार्क टूही त्यातून सुटलेला नाही. सावल्या उचलल्या की त्यातही आडवे-उभे पट्टे दिसतात. थेट ३२०० लावा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडं अर्धा-पाऊण स्टॉप ढकला, रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि नंतर खाली आणा. फरक लगेच दिसेल.

गुजरीकाठ

साजासाठी बॉडीवर एक रुपयाही जास्त घालू नका. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून हातानं फोकस, २ सेकंदांचा टायमर. एवढ्यावर दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक छापील कॅटलॉगात कुणालाही ओळखता येणार नाही. ६००डी सुद्धा चालेल.

खरी मारामारी उजेडाशी असते. साजातला प्रत्येक गोल मणी म्हणजे एक छोटा बहिर्गोल आरसा. त्यात खिडकी, ट्यूब, तुमचा शर्ट, सगळं दिसतं. दागिन्याभोवती तिन्ही बाजूंनी बटर पेपर किंवा दुधी अ‍ॅक्रिलिक उभं करा आणि उजेड त्याच्या बाहेरून मारा. कॅमेऱ्याच्या बाजूला काळं कापड, त्याला लेन्सपुरतं भोक. पण सगळीकडून पांढरंच केलंत तर सोनं सपाट, पितळेसारखं दिसतं. म्हणून काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून दोन बाजूंना उभ्या करा. त्यांची काळी रेघ मण्याच्या कडेला उमटली की मणी गोल दिसायला लागतो. पट्टी एक सेंटीमीटर इकडं-तिकडं केली तरी रेघ सरकते, तेव्हा लाइव्ह व्ह्यूत बघत लावा.

दुकानातले पिवळे दिवे बंद. दोन रंगांचे उजेड मिसळले की सोन्याचा रंग कुठल्याच व्हाइट बॅलन्सला जागेवर येत नाही. हॅलोजन नको, या कामात पत्र्याच्या आत लाख असते. चांगल्या सीआरआयचे (रंग खरे दाखवण्याचा आकडा, ९५ च्या वरचा) एलईडी घ्या. पहिल्या फ्रेममध्ये व्हाइट बॅलन्ससाठी ग्रे कार्ड.

साजाच्या २१ पानांपैकी एकेक पान जवळून हवं असेल, तर मॅक्रो लेन्सआधी ५० एमएमला एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मधली पोकळ कडी) लावून बघा. १२ मिमीच्या ट्यूबनं ७डीवर चौकट सुमारे ५ सेंमी रुंद होते. ट्यूब संपर्कपिना असलेलीच घ्या. बिनपिनांची स्वस्त ट्यूब घेतली तर कॅमेऱ्यावरून अ‍ॅपर्चर बंद होत नाही, सगळं एफ/१.८ लाच निघतं आणि पानाची एक कडा तेवढी दिसते. तसंही इतक्या जवळून एफ/११ ला पूर्ण खोली मिळणार नाही. फोकस थोडा थोडा सरकवून ६-८ फ्रेम घ्या आणि जोडा.

पेचकस

घ्यायचा तो घ्या, पण बॉडी हातात आली की हे बघा. दोन्ही मॉडेलना सारखंच लागू.

शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, येत नाही, त्यामुळं "फोटो पाठवा, काउंट सांगतो" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. यूएसबीनं लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरनं वाचावा लागतो. दोन्हींचं शटर दीड लाखांचं धरलेलं आहे. ते संपलं की लगेच मोडतं असं नाही, पण भावात धरा. मोकळ्या आभाळावर १/८००० ला पाच-सहा फोटो काढा. एका कडेला काळपट पट्टा आला तर पडदा मंदावलाय. स्क्रीनवर एरर ३० आला तर सरळ परत द्या, तो शटरचाच बिघाड.

कार्डाच्या खोबणीत टॉर्च मारा. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्डाला ५० पिना लागतात. एखादी वाकलेली दिसली आणि विकणारा "सरळ करून देतो" म्हणाला, तर ऐकू नका. सरळ केलेली पिन पुढच्या वेळी तुटते.

एफ/१६ ला, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. पुसट गोल ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटात कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी धरते. लेन्समधून टॉर्च आरपार मारून बघा. घेतल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. जेल रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं.

बॅटरी दोन्हींची एकच, एलपी-ई६. मेनूत बॅटरी इन्फोमध्ये रिचार्ज परफॉर्मन्सच्या तीन हिरव्या पट्ट्या दिसायला हव्यात. लाल एकच दिसली तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून वजा करा.

७डीचं फर्मवेअर २ च्या खालचं असेल तर २०१२ मध्ये आलेलं अपडेट टाका. सलग रॉ फोटोंचा बफर १५ वरून २५ वर जातो. फुटबॉलला उपयोगी.

शिवाजीपेठकर

सगळ्यांचे आभार. ७डीकडं कल झालाय. काल ६००डीला ५० लावून तालमीत काढून बघितलं. १/५०० ला खरंच गोठतंय. पण एक नवीनच प्रकार: सलग पाच फोटोंत दोन उजळ, एक पिवळट, दोन काळपट. एक्स्पोजर मॅन्युअल होतं, हात लावला नव्हता.

काचकाम

कॅमेरा ठीक आहे, ट्यूबचा चोक जुना आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. १/५०० चं शटर त्या लाटेचा पाचवा हिस्साच पकडतं. कधी माथा, कधी तळ. तळाशी उजेड कमी आणि रंगही वेगळा. १/१०० ला पूर्ण लाट पकडली जाते म्हणून तिथं हे दिसत नाही.

७डी आणि ५डी मार्क टू, दोघांतही यावर इलाज नाही. अँटी-फ्लिकर (ही लुकलुक टाळणारी सोय) कॅननमध्ये २०१४ च्या ७डी मार्क टूपासून आलं. तोपर्यंत सलग जास्त फ्रेम मारा आणि उजळ तेवढ्या ठेवा. इथं ८ फ्रेमचा वेग पुन्हा कामी येतो. वस्ताद तयार असतील तर हौद्यावरच्या दोन-तीन ट्यूबना इलेक्ट्रॉनिक चोक बसवून घ्या, लुकलुक थांबते. स्वस्त एलईडी पट्ट्या लावू नका, त्यातल्या कित्येक तितक्याच लुकलुकतात. आधी फोनच्या स्लो मोशनमध्ये पट्टी पेटवून बघा. व्हिडिओत उजेड थरथरला तर ती दुकानातच ठेवा.

टचलाईन

आणि कार्ड रीडर बघून ठेव. ६००डीला एसडी चालतं, ७डीला सीएफ. रविवारी मॅच संपल्यावर केबल शोधत बसू नकोस.