मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलरला अर्ध्या तासात काय काय विचारू? (कॅलिफोर्निया, एच४)

अबोली७:

नमस्कार मंडळी,

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला कॉलेजच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळालीये, मोजून तीस मिनिटं, आणि ती मिळेपर्यंत तीन आठवडे गेले म्हणून ही अर्ध्या तासाची वेळ मला वाया घालवायची नाहीये. इथे कोणीतरी यातून गेलेलं असणार, प्लीज सांगा.

मी मूळची संगमनेरची, शाळा मराठी माध्यमाची, बीकॉम २००५ ला पुणे विद्यापीठातून. लग्नाआधी तीन वर्षं एका सीएंकडे होते, टॅलीत एंट्र्या, व्हॅटची रिटर्न्स, बँक रिकन्सिलिएशन असं सगळं केलंय आणि मनापासून आवडायचं ते काम. २०१९ पासून आम्ही बे एरियात आहोत, नवरा एच१बी (नोकरीचा व्हिसा), मी एच४ (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), मुलगा सहावीत. या मार्चमध्ये माझं ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, आलं. बुककीपिंगच्या नोकऱ्यांना अर्ज केले पण सगळीकडे इथलं शिक्षण किंवा इथला अनुभव विचारतात, मग ठरवलं की घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) अकाउंटिंगचे कोर्स करायचे. इतक्या वर्षांनी परत वही उघडायची म्हणून खूप उत्साहात होते.

अर्ज सीसीसीअप्लायवर (इथल्या कम्युनिटी कॉलेजांची अर्जाची साइट) केला, तो फुकट आहे, तासाभरात झाला. नंतर जानेवारीच्या सत्रासाठी दोन कोर्स कार्टमध्ये टाकले, मिळून आठ युनिट. फी युनिटवर (कोर्सच्या क्रेडिटवर) असते, माझा हिशोब युनिटला ४६ डॉलर गुणिले ८, म्हणजे ३६८ डॉलर आणि वर थोडी किरकोळ फी. स्क्रीनवर आकडा आला तीन हजारांच्या वर. माझ्या नावापुढे नॉन-रेसिडेंट, म्हणजे राज्याबाहेरची, लागलंय. सहा वर्षं इथे राहून नॉन-रेसिडेंट कशी? खिडकीवर जाऊन विचारलं तर म्हणे पुरावे आणा, पण घराचं लीज, वीजबिल, गाडी सगळं नवऱ्याच्या नावावर आहे. माझ्या नावावर फक्त लायसन्स आणि लायब्ररीचं कार्ड.

दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात मी ड्रॉप-इनला (अपॉइंटमेंटशिवाय) एका काउन्सेलरला भेटून आले, पंधरा मिनिटांची भेट. मी मार्कशीटची फाइल घेऊन गेलेले, संगमनेरला स्टँडजवळ लॅमिनेट करून घेतलेल्या, आता कडा पिवळ्या पडल्यात. त्यांनी एक मार्कशीट हातात घेतली आणि बोट ठेवून एकेका रकान्यावरून खाली आले, परत वर गेले, मग विचारलं युनिट्स कुठे लिहिलेत. आमची वार्षिक परीक्षा, शंभरपैकी मार्क, क्रेडिट नावाचा प्रकारच नव्हता तेव्हा. हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. ते भराभर बोलत होते, इव्हॅल्युएशन, एज्युकेशन प्लॅन, प्रीरेक्विझिट क्लिअरन्स, आणि मी मान डोलवत राहिले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की एकही गोष्ट कागदावर लिहून घेतलेली नाही. घरी येऊन रडले खरं सांगते. बीकॉमला मी कॉलेजात दुसरी आलेली, आणि तिथे मला साधा प्रश्न विचारता येईना.

तर मला विचारायचंय:

रेसिडेन्सीचं काय करू? भारतातली डिग्री दाखवावी का, दाखवल्याने फायदा की तोटा? अर्जात गोल (शिकण्याचा उद्देश) विचारतात तिथे सर्टिफिकेट टाकू, असोसिएट डिग्री (दोन वर्षांची) टाकू की ट्रान्सफर (पुढे विद्यापीठात जायचं)? आणि इंग्रजीची परीक्षा घेतात का? घेत असतील तर मला आत्तापासून तयारी करावी लागेल, बोलण्याचं मी वर सांगितलंच.

धन्यवाद. मोठं झालं, सॉरी.

घाटवाट:

ताई, आधी पैशाचं बघू कारण ते सुटण्यासारखं दिसतंय. एच४ वाल्यांना कॅलिफोर्नियात रेसिडेन्सी मिळू शकते, एफ१ (विद्यार्थी) किंवा व्हिजिटर व्हिसावाल्यांना नाही मिळत. अट अशी की सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला पाहिजे आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दिसला पाहिजे. मला शंका येतेय की अर्जातलं एखादं उत्तर चुकलंय. सध्याचा कॅलिफोर्नियातला मुक्काम कधीपासून, असा प्रश्न असतो, तिथे कोणती तारीख टाकलीत?

अबोली७:

अरे देवा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी मे ते ऑगस्ट भारतात होते. मी परत आले ती ऑगस्टची तारीख टाकलीये. मला वाटलं पासपोर्टवरच्या शिक्क्याप्रमाणे टाकायची असते.

घाटवाट:

तेच झालंय मग. घर इथेच ठेवून चार महिने आजारपणासाठी गावी गेलं म्हणून रेसिडेन्सी तुटत नाही. अॅडमिशन्समध्ये जाऊन सांगा की तारीख चुकली, २०१९ ची पाहिजे, ते रेसिडेन्सीचा फॉर्म देतील. पुराव्यात सगळ्यात भक्कम राज्याचं टॅक्स रिटर्न, फॉर्म ५४०. तुम्ही दोघं मिळून भरत असाल तर त्यावर तुमचंही नाव आहेच, मागच्या दोन वर्षांची घेऊन जा. लायसन्स कधी काढलं त्याची तारीख, जॉइंट बँक अकाउंटची जुनी स्टेटमेंट, मुलाच्या शाळेतला पत्त्याचा कागद, आय-७९७ (इमिग्रेशनची मंजुरीची नोटीस) हे सगळं न्या. लीजवर तुमचं नाव राहणारी व्यक्ती म्हणून तरी असेल बघा, बऱ्याचदा असतं. सत्र सुरू व्हायच्या आत करा हे, नंतर फार धावपळ होते. आणि कॉलेजचं ईमेल रोज बघत जा. गेल्या काही वर्षांत खोटे अर्ज इतके आलेत की खऱ्या माणसालाही ओळखपत्र दाखवा म्हणून थांबवून ठेवतात, आणि ते कळवतात फक्त ईमेलवर.

रानमेवा:

मी डॅलसला आहे, इकडे फी तुम्ही कुठल्या काउंटीत राहता त्यावर ठरते त्यामुळे रेसिडेन्सीचं मला सांगता येणार नाही. पण एक सांगते, अपॉइंटमेंटला प्रश्न छापून न्या आणि बसल्या बसल्या तो कागद समोर सरकवा. मी तसंच केलं होतं. त्यांनी एकेका प्रश्नाखाली स्वतःच्या हाताने उत्तर लिहून दिलं, तो कागद मी डिग्री होईपर्यंत जपून ठेवला होता.

चाफा:

अगं अबोली, मी पण बीकॉमच, औरंगाबादची, तुझ्याच रस्त्याने गेले म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इंग्रजीचं, कारण तुला त्याचीच जास्त भीती वाटतेय. कॅलिफोर्नियात २०१७ साली कायदा झाला, एबी ७०५, त्यानंतर ती जुनी प्लेसमेंटची परीक्षा गेली. इथल्या हायस्कूलचे मार्क असतील तर त्यावरून बघतात, नसतील तर गाइडेड सेल्फ प्लेसमेंट म्हणून प्रश्नावली असते, तू स्वतः ठरवतेस कुठून सुरू करायचं. त्यात पास नापास काही नाही. आणि बोलण्याची भीती घालवायची असेल तर नॉन-क्रेडिट ईएसएलचे (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) वर्ग असतात, त्यांना फी नाही, मी संध्याकाळी जायचे. तिथे मेक्सिकोच्या, व्हिएतनामच्या, इराणच्या आयाबाया होत्या, कोणी कोणाला हसत नाही.

गोलचं म्हणशील तर आत्ता सर्टिफिकेट टाक. ट्रान्सफर टाकलंस की प्लॅनमध्ये इतिहास, सायन्स, कम्युनिकेशन सगळं जनरल एज्युकेशन येऊन बसतं, तुला ते आत्ता नकोय. गोल नंतर कधीही बदलता येतो.

डिग्रीचं नीट ऐक. मार्कशीटवरून काउन्सेलर काही करू शकत नाही, त्यांना इव्हॅल्युएशन (आपली डिग्री इथल्या हिशोबात काय ठरते त्याचा अहवाल) लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी एनएसीईएस या संघटनेत असलेल्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं. प्रत्येक कॉलेज कुठल्या एजन्सीचं चालतं याची यादी ठेवतं, ती यादी हातात आल्याशिवाय एक डॉलर भरू नकोस. कोर्स-बाय-कोर्स वालं करून घे, नुसतं डिग्री आहे असं सांगणारं स्वस्तातलं घेतलंस तर परत खर्च. तीन वर्षांच्या पदवीला काही एजन्सी पूर्ण बॅचलर धरतात, काही धरत नाहीत, म्हणून आधी विचारून घेतलेलं बरं. पुण्यात घरचं कोणी असेल तर ट्रान्स्क्रिप्टचं (सगळ्या मार्कांचा अधिकृत कागद) आत्ताच सांगून ठेव, बहुतेक वेळा विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, त्याला वेळ लागतो. पण नुसत्या सर्टिफिकेटसाठी बहुतेक हे काहीच लागणार नाही, तेवढं गुरुवारी स्पष्ट विचार.

डिग्री दाखवल्याने तोटा काही नाही. पुढे सीपीए (इथलं सीए) डोक्यात असेल तर ती लागेलच. मी २०१८ ला परीक्षेला बसले तेव्हा बॅचलर, त्यात २४ युनिट अकाउंटिंग आणि २४ युनिट बिझनेसचे विषय असा नियम होता, माझे कमी पडलेले मी कम्युनिटी कॉलेजातच भरून काढले. आता नियम बदलतायत त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या अकाउंटन्सी बोर्डाच्या साइटवरच बघ. टॅक्स आवडत असेल तर एन्रोल्ड एजंटचाही (टॅक्सचं काम करायचा केंद्राचा परवाना) विचार कर, आयआरएसची (इथलं इन्कम टॅक्स खातं) तीन भागांची परीक्षा, त्याला डिग्रीची अट नाही.

गुरुवारी उठायच्या आधी तुझा एज्युकेशन प्लॅन (कुठल्या सत्रात कुठला कोर्स) सिस्टिममध्ये सेव्ह झालाय हे स्क्रीनवर बघून घे. ओरिएंटेशन, प्लेसमेंट आणि प्लॅन या तिन्ही गोष्टी पूर्ण असल्या की रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते, आणि संध्याकाळचे वर्ग भराभर भरतात. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाल आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस, जागा झाली की प्रोफेसर अॅड कोड (नाव नोंदवायचा नंबर) देतात. पहिल्या तासाला गैरहजर राहिलीस तर मात्र नाव काढून टाकतात.

घाटवाट:

चाफाताईंनी लिहिलंय त्यात एक जोडतो. कोर्स झेपत नाही वाटलं तर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडा, पैसे परत मिळतात आणि ट्रान्स्क्रिप्टवर काही येत नाही. त्यानंतर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) लागतो. नक्की तारखा प्रत्येक वर्गाच्या वेगळ्या असतात. आणि वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च शून्य असलेल्या वर्गांपुढे खूण असते ती बघून घ्या, अकाउंटिंगची पुस्तकं फार महाग आहेत.

अबोली७:

काल जाऊन आले. आधी साडेनऊला अॅडमिशन्सच्या खिडकीवर, ५४० च्या दोन वर्षांच्या प्रती, लायसन्स, बँकेचं २०२० चं स्टेटमेंट. लीजवर माझं नाव राहणाऱ्यांमध्ये होतं, घाटवाट म्हणाले तसंच, मी कधी बघितलंच नव्हतं. खिडकीवरच्या मुलीने तारीख बदलायचा फॉर्म दिला, मी तिथेच उभ्याने भरला.

मग काउन्सेलर. या वेळी दुसऱ्या बाई होत्या. मी बसल्याबरोबर कागद पुढे केला, सात प्रश्न, मोठ्या अक्षरात छापलेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि पेन काढलं. माझं बोलणं अडकलं की त्या थांबत होत्या. सर्टिफिकेटला डिग्रीचं इव्हॅल्युएशन लागत नाही, इंग्रजीचा कोर्सही लागत नाही. प्लॅन तीन सत्रांचा झालाय: जानेवारीत फायनान्शियल अकाउंटिंग आणि एक्सेल, त्यानंतर मॅनेजेरियल आणि पेरोल, शेवटी टॅक्स. मी सीएंकडे काम केलेलं सांगितल्यावर त्यांनी विचारलं तिथे काय काय करायचात, आणि रिकन्सिलिएशनबद्दल मी न अडखळता पाच मिनिटं बोलले. निघताना सेव्ह झालेला प्लॅन स्क्रीनवर दाखवायला सांगितला, चाफाताई.

आज सकाळी पोर्टल उघडलं तर रेसिडेंट आलंय. ३६८ आणि वरची फी. भावाला पुण्यात ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज करायला सांगितलाय, घाई नाही पण असू दे. वर्ग मंगळवार गुरुवार संध्याकाळी सहाला, वेटलिस्टवर तिसरी आहे. मुलाच्या पोहण्याच्या क्लासची वेळ शनिवारी करून घेतली, पहिल्या दिवशी पावणेसहालाच जाऊन बसणार आहे.