फिकट आपुलकी: एका समुपदेशन संस्थेची नवी वेबसाइट

खडूफळा
काल या मंचावर 'सांजवारा' यांनी पुण्यातल्या एका समुपदेशन न्यासाच्या नव्या वेबसाइटचं तोंड भरून कौतुक केलं. 'उघडताक्षणी कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं, कचेरीची कळा गेली एकदाची.' खाली बदामांचा पाऊस. तिथे दोन ओळींत आवरणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे नजर हळूहळू जाते. फळ्यावरचं दिसेनासं झालं तेव्हा मास्तरकी सोडली. उरलेल्या नजरेला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला ठसठशीत फरक. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली. तिच्या एए पातळीचा किमान निकष ४.५:१ आहे. या साइटवर वापरलाय तो करडा (रंगाचा कोड ९९९९९९) शुभ्र पांढऱ्यावरसुद्धा २.८५ च्या पुढे जात नाही, आणि इथे खाली पीच रंग आहे. 'आम्ही तुमचं ऐकतोय' हे वाक्य मला बायकोने वाचून दाखवलं.

मग एनव्हीडीए लावला, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी लिहिलेली, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी. हेल्पलाइनचा नंबर चित्रात आणि त्या सॉफ्टवेअरला वाचता येईल असा पर्यायी मजकूर चित्राला नाही. 'अधिक जाणून घ्या' असे दुवे ओळीने ऐकू येतात. कशाबद्दल अधिक, ते डोळसांना ठाऊक. वेळ घेण्याच्या फॉर्मखाली वाकड्या अक्षरांचा कॅप्चा, ऐकायची सोय नाही. म्हणजे ज्याची दृष्टी नुकतीच गेलीय आणि ज्याला रात्रभर झोप नाही, त्याने शेजाऱ्याला बोलवायचं आणि 'त्रासाचं स्वरूप' या रकान्यात काय भरायचं ते त्याला सांगायचं. तेही अशा संस्थेत, जिथे पहिलं वचन गुप्ततेचं असतं!

सांजवारा
काका, मुद्दे मान्य, पण सूर असा की जणू मी तुमचा उपहास केला. जुनी साइट तुम्ही पाहिली होती का? पहिल्याच पानावर विश्वस्तांचे समईपूजनाचे फोटो, आणि त्याखाली आजारांची नावं लाल अक्षरांत सरकत असायची. आई गेल्यावर मी तिथवर पोचले होते आणि ती सरकती पट्टी बघून टॅब बंद केला. पुढे कितीतरी महिने कुणाशी बोलले नाही. आता पहिलं वाक्य आहे, 'काय होतंय ते नीट सांगता आलं नाही तरी चालेल.' हे वाक्य तेव्हा असतं तर मी थांबले असते. शिवाय जुना मजकूर युनिकोडमध्येही नव्हता, तुमच्या एनव्हीडीएने त्याचं काय केलं असतं?

खडूफळा
कचरा वाचला असता, कबूल. आणि वाक्य सुंदरच आहे. मग ते गडद अक्षरांत लिहायला कुणाची हरकत आहे? आपुलकी वाक्यात आहे ना, पीच रंगात तर नाही.

रंगारी
असहमत. हा माझा धंदा आहे म्हणून बोलतो. निकष एकेक करून टिकले की प्रमाणपत्र मिळतं, माणूस आत येतोच असं नाही. घाबरलेला माणूस आधी रंग बघतो, मग वाचतो. अशा कामांचे पैसे बहुतेकदा मिळत नाहीत, वर प्रत्येक विश्वस्ताला आपला फोटो हवा असतो. एवढं सांभाळून कुणी काही बरं केलं की लगेच मोजपट्टी बाहेर! सोपा उपाय सांगतो: कोपऱ्यात ते निळं सुगम्यतेचं बटण बसवा, दाबलं की अक्षरं, रंग बदलून देणारं. एक ओळ कोड, विषय संपला.

काजवा
रंगारी, ते बटण विकणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने (एफटीसी) १० लाख डॉलर भरायला लावले. आमचं बटण लावा, साइट डब्ल्यूसीएजीला धरून होईल, असं सांगून विकलं, म्हणून. चित्रात अडकलेला नंबर बटण कुठून बाहेर काढणार? आणि आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ खासगी सेवांनाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा खटला होता, पण तत्त्व तेच.

रंगारी
मग खेचा न्यासाला कोर्टात. साइटच बंद करतील. सगळेच समान वंचित.

जुनाखोड
रंग कसले बघता? रात्री दोनला माणूस नंबर शोधतो. तो मोठा, मजकुरात लिहा, बोट लावलं की फोन लागला पाहिजे. तुमचा फोन दहा ते सहा असेल तर खाली १४४१६ लिहा. सरकारची टेली-मानस आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीतही. ते लिहायला कमीपणा कसला वाटतो कोण जाणे.

काजवा
फोन, फोन! माझ्या भावाला ऐकू येत नाही. त्याने काय करायचं? त्याला लिहून बोलायची सोय लागते, आणि खुणांची भाषा येणारा समुपदेशक आहे का, हे आधी कळायला लागतं. ते कुठेच लिहिलेलं नाही.

कुंभारवाडा
थोडं अवांतर. फी कुठे लिहिलीय? 'परवडेल तेवढं, कृपया चौकशी करावी.' हेच सगळ्यात दुर्गम पान आहे. मुलाच्या वेळी एका संस्थेत हेच वाचून गेलो. तिथे पगाराची स्लिप मागितली, मग कोण कोण कमावतं, घर स्वतःचं का. बाहेर बसलेल्या चार जणांच्या देखत. मुलगा म्हणाला, बाबा, चला. परत गेलाच नाही. आकडा लिहायला काय जातं? आणि समुपदेशकांचे हसरे फोटो आहेत, शिक्षण कुठे आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक टाका.

समईताई
मी अशाच एका न्यासात समुपदेशक आहे. आकडा लिहिला की ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो फोनच करत नाही, आणि गाडीतून येणारे सवलतीच्या रकान्याकडे बोट दाखवतात. मला मिळणारं मानधन इथे सांगितलं तर तुम्हीच वर्गणी काढाल. लोकांना वाटतं धर्मादाय म्हणजे आम्ही हवेवर जगतो.

कुंभारवाडा
तुमचं मानधन मी ठरवलेलं नाही. तीन टप्पे लिहा, 'पुरावा लागणार नाही' असं लिहा. गाडीवाला शंभर रुपये वाचवेल, वाचवू दे. माझ्या मुलासारखे दारातून परतणार नाहीत.

समईताई
शंभर रुपये? आठवड्याला किती गाडीवाले येतात ते माहीत आहे? भाडं कोण भरणार, तुम्ही? विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायचं आहे, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याला येऊन बसणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

रंगारी
धाग्याचं काश्मीर झालेलं आहे, भांडण मिटायचं नाव नाही. पॉपकॉर्न.

खडूफळा
तुम्ही पॉपकॉर्न खात बसू नका, करडा बदला.

रंगारी
ती साइट माझी नाही हो! बरं, ७६७६७६ पांढऱ्यावर ४.५४ भरतो, मोजून पाहिला. तुमच्या निकषात बसतो आणि तसा मऊही आहे. पार्श्वभूमी मात्र पांढरी करावी लागेल. पीच फक्त कडेला. झालं समाधान?

सांजवारा
पाहिलंत, पीच वाचला. आणि ते मागे तरंगणारे ढग थांबवायचं बटण द्या, कौतुक करताना मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. मला गरगरतं.

समईताई
कुंभारवाडा, 'पुरावा लागणार नाही' हे वाक्य मी आमच्या बैठकीत मांडेन. टप्प्यांचं माहीत नाही. पण गर्दी वाढली आणि फोनवर बसायला माणूस नसला तर तुम्ही येणार का?

कुंभारवाडा
गुरुवार मोकळा असतो. येतो.

समईताई
आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि त्याची फी आम्ही साइटवर स्पष्ट लिहिलेली आहे.