पहिल्याच क्रूझवर बंदरात उतरूच नये, हा सल्ला कोणी आणि कोणासाठी दिला?

महालकर :

मे महिन्यात सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केलेल्या बजाजनगरच्या एका सदस्यांनी काल आपल्या या नागपूरकरांच्या चर्चेत एक सल्लावजा टिपण लिहिले. त्याचा सारांश असा की, जहाज वाटेत मलेशियातल्या पेनांगला आणि थायलंडमधल्या फुकेतला थांबणार असले, तरी पहिल्या क्रूझवर कुटुंबाने कुठेच उतरू नये. जहाज हेच खरे ठिकाण आहे, बंदराच्या दिवशी लोक खाली गेले की तलाव आणि घसरगुंड्या मोकळ्या मिळतात, आणि वृद्ध आई व दोन लहान मुले बरोबर असताना परक्या गावात धावपळ करण्यात शहाणपणा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावलेल्या पाहून राहवले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नागपूरच्या माणसाला सिंगापूरला जायचे म्हणजे आधी मुंबईसारखे शहर गाठावे लागते, मग पुढचे विमान, त्याआधी सिंगापूरचा व्हिसा. आणि तोही पुन्हा प्रवेश देणारा, कारण जहाज फिरून तिथेच परत येते. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसातून सूट दिली आहे. बंदर शुल्क तिकिटात धरलेले असते आणि आपण केबिनमध्ये झोपून राहिलो म्हणून ते कोणी परत करत नाही. एवढे सगळे करून पेनांगच्या धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या कठड्यावरून गावाकडे बघत बसायचे असेल, तर ते ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे आहे.

शिवाय पेनांग म्हणजे काही अडनिडे बंदर नव्हे. जहाजे लागतात तो स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य शहराच्या काठालाच आहे. बाहेर पडताच राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा घड्याळाचा मनोरा दिसतो, जो साठ वर्षांच्या राजवटीसाठी साठ फूट उंच बांधलेला आहे. त्याच्या शेजारी कॉर्नवॉलिस किल्ला आणि रमतगमत चालले तरी फार दूर नसलेली लिटल इंडियाची वस्ती आहे. तिथले महामारियम्मन मंदिर १८३३ सालचे आहे. हे जुने शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे उतरायला बस लागत नाही, टॅक्सी लागत नाही आणि जहाजाकडून महागडी सहलही विकत घ्यावी लागत नाही. दोन तास फिरून परत या आणि मग खुशाल तलावात डुंबा. बंदर कोणते आहे हे न पाहता, इथे नागपुरात बसून "उतरायचेच नाही" असे ठरवणे मला मुळीच पटत नाही.

बजाजनगरचा वाटसरू :

महालकरांनी माझे टिपण अर्धेच वाचलेले दिसते. मी फुकेतबद्दलही लिहिले होते, आणि त्याला त्यांनी सोयीस्कर बगल दिली आहे. फुकेतला मोठी जहाजे बहुधा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटींसाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत बसावे लागते, आणि जहाजाची सहल विकत घेतलेल्यांना साधारणपणे आधी सोडले जाते. आपली शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा त्याच महिन्यात सुरू होतात. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने हलणाऱ्या बोटीत पाय टाकावा, अशी महालकरांची इच्छा असेल, तर त्यांनी तसे स्पष्ट लिहावे.

पेनांगच्या उन्हाचे काय, हेही कोणी सांगत नाही. नागपूरकर पंचेचाळीस अंश सोसतात, मग बत्तीस अंशांचे काय घाबरायचे, असे मला दोघांनी ऐकवले. आपल्याकडे मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो, कारण हवा कोरडी असते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. पेनांगला बारा महिने तो जूनमधला कूलर चालू असतो आणि घाम वाळतच नाही. वृद्ध माणूस अशा हवेत अर्ध्या तासात गळून जातो. जहाजाच्या तिकिटात तीन वेळचे जेवण, खेळ आणि करमणूक यांचे पैसे भरलेले असताना ते सोडून मी कुटुंबाला घामाघूम का करावे?

त्रिमूर्तीनगरचा अभियंता :

दोघांच्याही वादात मुख्य मुद्दा राहून गेला आहे, आणि तो वेळेचा आहे. आम्ही याच मार्गावर गेलो होतो, तेव्हा आमच्या जहाजाने संपूर्ण प्रवासात सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली होती. मलेशियाची वेळ सिंगापूरएवढीच असल्याने पेनांगला काही बिघडले नाही. थायलंडचे घड्याळ मात्र सिंगापूरच्या एक तास मागे आहे, आणि फुकेतच्या किनाऱ्यावर पोहोचताच मोबाइलने आपण होऊन स्थानिक वेळ पकडली. शेवटची टेंडर बोट साडेचारची होती. माझे मेहुणे मोबाइलवर साडेतीन वाजलेले पाहून शहाळे घेऊन वाळूत निवांत बसले होते. बोटीवरच्या माणसाने शिट्टी वाजवली तेव्हा ते ज्या वेगाने धावले, तो वेग त्यांच्या लग्नातही आम्ही पाहिला नव्हता. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबते किंवा पुढची सोय करते. तुम्ही स्वतःहून फिरत असाल, तर ते निघून जाते आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा असतो. त्यात पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवलेला असेल, तर विमानाने सिंगापूर गाठणेही जमत नाही.

यावर सोपा उपाय असा की, आजींना मुलांबरोबर जहाजावर ठेवावे. त्यांना विश्रांती मिळते, मुलांना तलाव मिळतो आणि नवराबायकोला चार तास मोकळे फिरता येते. सगळेच सुखी राहतात आणि वाद मिटतो.

धंतोलीच्या काकू :

अभियंता महाशय, "सगळेच सुखी" या शब्दांत आजी धरल्या आहेत का, एवढेच मला विचारायचे आहे. या जागेवर मी सहसा वाचूनच गप्प बसते, पण आज ते शक्य नाही.

मीही अशीच एका क्रूझवर गेले होते. तिकीट मुलाने काढले होते, हे प्रामाणिकपणे सांगते, म्हणजे पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे वाटले तरी चालेल. पेनांगच्या सकाळी न्याहारीच्या टेबलावरच ठरून गेले की आई थकली आहे. मी थकले आहे हे मला सोडून सगळ्यांना कळले होते. नातू चार वर्षांचा आणि नात सात वर्षांची. विश्रांती म्हणजे काय, तर एक घसरगुंडीवर आणि एक उथळ तलावाच्या कडेला, दोघांवर एकाच वेळी नजर ठेवायची; एकाला लघवीला न्यायचे तर दुसऱ्याला ओल्या अंगाने बरोबर ओढायचे. बंदरात जहाजावरची दुकाने बंद होती, त्यामुळे मुलांना तिकडेही फिरवता येईना. सून संध्याकाळी आली तेव्हा तिने लिटल इंडियातून माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता आणि देवळाचे गोपुर किती सुंदर आहे हे मोबाइलवर दाखवले. ते गोपुर डेकवरून दिसत नव्हते, पण ते माझ्यापासून पायी चालण्याच्या अंतरावर होते. नोकरीतली सगळी वर्षे मी घरून शाळेपर्यंत आणि शाळेतून घरापर्यंत चालत गेले आहे. मला एक किलोमीटर झेपेल की नाही, हे विचारायला कोणाचे काय गेले असते?

वाटसरू, तुमच्या टिपणात आईचे वय आहे, गुडघे आहेत आणि घाम आहे. आईचे मत मात्र कुठेही नाही.

त्रिमूर्तीनगरचा अभियंता :

काकू, आपला राग समजतो, पण तो आपल्या मुलावरचा आहे आणि आपण तो माझ्यावर काढत आहात. नातवंडांबरोबर एक दुपार घालवणे हा आजी-आजोबांवरचा अन्याय आहे, हे मी प्रथमच ऐकतो आहे. माझ्या आईने असा दिवस आनंदाने काढला आणि आजही त्याची आठवण काढते.

धंतोलीच्या काकू :

आपल्या आईने तक्रार केली नाही, एवढेच आपल्याला माहीत आहे. आमच्या पिढीतल्या बायका तक्रार कोणाजवळ करतात, ते मुलांना सर्वांत शेवटी कळते. नातवंडे मला जड नाहीत. पण हिंडायला म्हणून नेलेल्या माणसाला न विचारता पाळणाघर करून टाकणे मला जड गेले. तुमचा मेहुणा शहाळे पीत वाळूत बसला होता, तेव्हा त्याची आई कुठे होती?

मनीषनगरचा दादा :

आजींचा विषय निघालाच आहे तर माझे दुखणेही ऐका, कारण उतरण्याचा निर्णय प्रत्येक वेळी आपल्या हातात असतो हा इथे सर्वांनी धरलेला समज खोटा आहे. आम्ही मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर आई-वडिलांना घेऊन गेलो. लक्षद्वीपला उतरायला आपल्या देशात असूनही प्रवेश परवाना लागतो. त्यासाठीची कागदपत्रे वडिलांनी स्वतः झेरॉक्सच्या दुकानात उभे राहून जमवली होती. बेटाभोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ पाणी, म्हणून जहाज बाहेर थांबते आणि छोट्या बोटींतून आत नेतात. आम्ही टोप्या घालून रांगेत बसलो आणि लाटा जास्त आहेत म्हणून बोटी रद्द झाल्याची घोषणा झाली. सुरक्षेचा निर्णय होता, त्याबद्दल बोलणे नाही. पण आरक्षण करताना दलालाने असे काही होऊ शकते हे एका शब्दानेही सांगितले नव्हते, आणि नंतर विचारले तर अटींच्या कागदाचे पान दाखवले. तेव्हा वाटसरूंना माझे एवढेच सांगणे आहे की, धक्क्याला लागणारे बंदर मिळाले तर ते सोडू नका, कारण बोटीने जायचे बंदर मिळेलच असे धरून चालता येत नाही.

महालकर :

मी पेनांगबद्दल बोलत होतो आणि चर्चा कुठल्या कुठे गेली, पण काकूंच्या लिहिण्यानंतर तिला परत आणण्याचा धीर होत नाही. फुकेतपुरते मी वाटसरूंचे म्हणणे मान्य करतो. मे महिन्यात आणि त्या गुडघ्यांनी टेंडर बोटीत बसू नये. पाणी हलत असेल, तर पायाने अधू असलेल्यांना बोटीवरचे कर्मचारीही नकार देतात. अभियंत्यांच्या मेहुण्यांच्या कथेतून मात्र मनगटी घड्याळाची गरज सिद्ध होते, जहाजावर बसून राहण्याची नव्हे. आणि घाम येतो म्हणून गाव पाहायचे नसेल, तर वाटसरूंनी सिंगापूरलाही विमानतळाबाहेर पडू नये, कारण तिथली हवा काही वेगळी नाही.

बजाजनगरचा वाटसरू :

महालकरांच्या उपरोधाला उत्तर देत नाही. काकूंचे वाचून मी काल रात्री आईला विचारले. तिने पेनांगला देऊळ आहे का, एवढे एकच विचारले, आणि आहे म्हटल्यावर चपला कोणत्या घ्याव्यात याची चौकशी सुरू केली. तेव्हा अभिनंदन, आपण सगळे जिंकलात. पेनांगला आई, पत्नी आणि धाकटी उतरणार. थोरल्याला घसरगुंडी हवी आहे, म्हणून मी त्याच्याबरोबर जहाजावर राहणार. रिकाम्या तलावाबद्दलचे माझे मत जसेच्या तसे आहे. फुकेतला आमच्यापैकी कोणीही उतरणार नाही, आणि तो विषय माझ्यापुरता बंद आहे.

धंतोलीच्या काकू :

आईंना सकाळी लवकर उतरवा, म्हणजे ऊन चढायच्या आत देऊळ होईल आणि परत येताना एखाद्या दुकानात बसून चहा घेता येईल. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून त्यांच्याजवळ द्या, आणि जहाजाचे ओळखपत्र सुनेच्या पर्समध्ये न ठेवता त्यांचे त्यांच्याजवळ असू द्या. बफेमधली केळी आणि पराठे पिशवीत घालून निघू नका. ताजी फळे आणि शिजवलेले अन्न बंदरात उतरवू देत नाहीत. धाकटीसाठी बंद पाकिटातली बिस्किटे घ्या.