शब्दचर्चा : ‘चमत्कार’ आणि ‘आख्यायिका’

प्रश्न : ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, यासारख्या प्रसंगांविषयी लिहिताना ‘चमत्कार’ म्हणावे की ‘आख्यायिका’? पहिल्या शब्दाने ते घडल्याचे मान्य केल्यासारखे होते आणि दुसऱ्याने भाविक वाचक दुखावतात.

उत्तर : आपली अडचण खरी आहे, कारण दोन्ही शब्दांचे अर्थ मराठीत येताना सरकले आहेत. संस्कृत साहित्यशास्त्रात ‘चमत्कार’ ही मनाची अवस्था आहे; ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ त्याला चित्ताचा विस्तार म्हणतो आणि विस्मय हे त्याचेच दुसरे नाव असल्याचे सांगतो. मराठीत मात्र तो बाहेरच्या घटनेला चिकटला, आणि ‘चमत्कारिक माणूस’ म्हणताना तर केवळ विचित्रपणाच उरला.

या सरकण्यामुळे विचारात गोंधळ होतो. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी देशभर पसरली, तेव्हा चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते आणि पाहणाऱ्यांचा विस्मयही खरा होता. पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढले जाऊन पातळ थराने खाली ओघळत होते, म्हणजे चुकले होते ते फक्त कारण. ‘चमत्कार घडला’ या वाक्यात अनुभव, घटना आणि कारण हे तिन्ही एकदम मान्य केले जातात. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ‘तथाकथित चमत्कार’ अशी शब्दयोजना आहे, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

‘आख्यायिका’ शब्दाचा प्रवास तर उलटाच झाला. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तिचा अर्थ ज्ञात विषयावर आधारलेले कथन असा आहे. म्हणून संस्कृत लेखक बाणाचे, हर्ष राजावरचे ‘हर्षचरित’ आख्यायिका ठरते आणि त्याचीच कल्पित ‘कादंबरी’ कथा. आज आपण परंपरेने सांगितलेल्या, पुरावा नसलेल्या हकिकतीला आख्यायिका म्हणतो. तरीही तिचा अर्थ ‘थाप’ असा होत नाही, हे भाविक वाचकांना आवर्जून सांगावे.

भिंतीचा प्रसंग संतचरित्रकार महिपतींच्या ‘भक्तविजया’त (1762) येतो, ज्ञानेश्वरांची समाधी 1296 ची. ज्यांच्या भेटीसाठी भिंत चालवली असे सांगतात त्या योगी चांगदेवांना स्वतः ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत अद्वैताचा उपदेश आहे, भिंत नाही. भिंत चालली का, याचे उत्तर पदार्थविज्ञान देईल. इतिहासकाराचा प्रश्न मात्र असा की योगसामर्थ्याचा अभिमान ज्ञानापुढे नमतो ही कथा लोकांना इतकी जवळची का वाटली. हा प्रश्न ‘चमत्कार’ या शब्दाने बंद होतो, ‘आख्यायिका’ या शब्दाने खुला राहतो. त्यामुळे ‘भिंत चालवल्याची आख्यायिका भक्तविजयात येते’ असे लिहावे, आणि ‘चमत्कार’ हा शब्द त्या ग्रंथाची किंवा भक्तांची भूमिका सांगतानाच वापरावा.