अमेरिकेतल्या नॅसकार कार-रेसिंगने शिशाचं पेट्रोल सोडायला २००७ उजाडवलं, हे पटतं का?

पिस्टनभाऊ: अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना शिसंवालं पेट्रोल १९९६ पासून बंद, पण नॅसकारच्या सगळ्यात वरच्या 'कप' सिरीजच्या गाड्या २००७ पर्यंत तेच पीत होत्या कारण तिथल्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यात (क्लीन एअर अ‍ॅक्ट) रेसिंगला सूट होती. अहो आपल्याकडे पण २००० साली देशभरातल्या पंपांवरून गेलं की! निव्वळ आळस.

व्हॉल्व्हवाला: आळस म्हणणं सोपंय भाऊ. शिसं फक्त नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) थांबवत नाही, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि तो जिथं टेकतो ती सीट यांच्यामध्ये थर धरतं, तो गेला की सीट झिजायला लागते, आणि इथं इंजिन ९००० आरपीएमला ५०० मैल पळतंय. पेट्रोल बदललं म्हणजे सीटचं मटेरियल बदला, ट्यूनिंग नव्याने करा. म्हणून तर २००६ मध्ये आधी खालच्या सिरीजमध्ये वापरून बघितलं, मग फेब्रुवारी २००७ ला कॅलिफोर्नियात फोंटानाला कपमध्ये आणलं.

पिस्टनभाऊ: मग इंडियानापोलिस ५०० वाल्या इंडी रेसिंगला कसं जमलं? १९६४ च्या तिथल्या शर्यतीतल्या भयंकर आगीनंतर ते मेथनॉलवर (एक अल्कोहोल इंधन) गेले, शिशाचा प्रश्नच मिटला.

व्हॉल्व्हवाला: मेथनॉलची ज्वाळा दिवसा दिसत नाही, पिटमध्ये (गाडी थांबवून इंधन भरतात तिथं) माणूस पेटला तरी पटकन कळत नाही. तिथं पण किंमत मोजलीच ना.

सायली_पिटलेन: तुमचं इंजिन-इंजिन चालू द्या, माणसांचं बोला. २००६ च्या एका अभ्यासात नॅसकार टीमच्या ४७ जणांचं रक्त तपासलं तर सुमारे ४० टक्के लोकांत शिसं १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर निघालं. ही पोरं दर वीकेंडला एक्झॉस्टमध्ये उभी असतात, सीट झिजतेय म्हणून त्यांनी अजून किती वर्षं थांबायचं होतं?

व्हॉल्व्हवाला: वर्कशॉपमध्ये शिसं दहा ठिकाणाहून येतं. सगळं खापर पेट्रोलवर फोडू नका.

सायली_पिटलेन: बरं, वर्कशॉप सोडा. पेट्रोल बदलल्यावर अर्थशास्त्रज्ञांनी २००७ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे लावून बघितले, तर रेसट्रॅक असलेल्या काउंटीतल्या (जिल्ह्यासारखा भाग) मुलांच्या रक्तातलं शिसं कमी झालेलं दिसलं. ती मुलं काही वर्कशॉपमध्ये काम करत नव्हती.

व्हॉल्व्हवाला: हा मुद्दा मानतो. पण मग छोटी पिस्टन इंजिनची विमानं आजही १०० एलएल नावाच्या विमानी पेट्रोलवर उडतायत, त्यातही शिसंच, त्यांना कोणी बोलत नाही. रेसिंगवाले तेवढे व्हिलन!

पिस्टनभाऊ: विमानांवर वेगळा धागा काढ, तिथंही येतो भांडायला 😄